योरडेल की वेन्स्लीडेल: एका खोऱ्याच्या नावाची रोजनिशी

सोमवार

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या डोंगराळ भागातली बहुतेक मोठी खोरी नदीच्या नावाने ओळखली जातात. डेल म्हणजे खोरे. स्वेल नदीचे स्वेलडेल, व्हार्फचे व्हार्फडेल, निडचे निडरडेल. एकच मोठे खोरे या चालीबाहेर आहे. त्यातून यूर नदी वाहते, पण खोऱ्याला म्हणतात वेन्स्लीडेल, वेन्स्ली गावावरून. हे गाव आज अगदी लहान आहे. मध्ययुगात मात्र खोऱ्याचा बाजार तिथेच भरायचा. १५६३ च्या प्लेगने गाव खचले, १५८७ मध्ये अ‍ॅस्क्रिगला बाजाराची सनद मिळाली, १६८४ मध्ये लेबर्नला. वेन्स्लीचा बाजार उठला, तरी खोऱ्यावरचे तिचे नाव हटले नाही.

सर्वत्र सांगितले जाते ते असे: खोऱ्याचे जुने नाव योरडेल (योर हे यूरचेच जुने रूप), पुढे त्याचे वेन्स्लीडेल झाले. ‘पुढे झाले’ हे दोन शब्द कागदावर टिकतात का, तेवढेच या आठवड्यात पाहायचे आहे.

मंगळवार

नावाच्या प्रत्येक रूपाला एक स्वतंत्र कार्ड. त्यावर सहा गोष्टी हव्यातच: अक्षरशः जसे लिहिले तसे रूप, मूळ दस्ताचे साल, हाती असलेल्या प्रतीचे साल, दस्ताची भाषा, तो कोणी कशासाठी केला, आणि नाव ज्या वाक्यात आले ते पूर्ण वाक्य. यातली तिसरी नोंद लोक गाळतात आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. बाराव्या शतकातली सनद पंधराव्या शतकातल्या मठाच्या बाडात उतरवलेली असेल, तर मजकूर बाराव्या शतकाचा पण स्पेलिंग नकलकाराच्या काळाचे. ते रूप ११५० च्या रांगेत बसवले की पुढची सगळी रांग बिघडते.

उत्तर इंग्लंडच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच बोचतो. सोळाव्या शतकात बंद पाडलेल्या मठांची कागदपत्रे यॉर्कच्या सेंट मेरीज टॉवरमध्ये ठेवलेली होती. १६४४ मध्ये यादवी युद्धातल्या वेढ्यात सुरुंग लावून तो बुरूज उडवला गेला. कित्येक सनदा आज कळतात त्या रॉजर डॉड्सवर्थ या जुन्या कागदांच्या अभ्यासकाने त्याआधी नकलून ठेवल्या म्हणून. त्या माणसाचे ऋण फार मोठे आहे. तरीही कार्डावर लिहायचेच: प्रत सतराव्या शतकातली.

बुधवार

डूम्सडे बुक, म्हणजे इंग्लंडच्या नॉर्मन राजाने करवलेली जमीनपाहणी, १०८६. वेन्स्ली तिथे ‘वेन्ड्रेस्लागा’ अशा रूपात येते. शेवटचा ‘लागा’ पाहून कोणीही इंग्रजीतल्या टेकडीवाचक शब्दाकडे वळेल. पण तेराव्या शतकापासूनची रूपे ‘वेन्डेस्ले’ अशी आहेत. हा शेवटचा ‘ले’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला रानातली मोकळी जागा सांगणारा शब्द. म्हणून अर्थ लागतो तो ‘वेन्डेल नावाच्या माणसाची रानातली मोकळीक’. डूम्सडेचे लेखनिक नॉर्मन वळणाचे, इंग्रजी नावे कानावर पडतील तशी उतरवणारे. सर्वांत जुने रूप म्हणजे सर्वांत खरे रूप, असे धरून चालत नाही. रूपांची रांग बोलते, एकटे रूप फसवते.

अक्षर वाचताना तीन जागी ठेच लागते. यू, एन, एम आणि आय ही अक्षरे नुसत्या उभ्या रेघांची असतात, त्यामुळे पाच रेघा कशा तोडायच्या हे वाचणाऱ्याने ठरवायचे. सी आणि टी सारखेच दिसतात. आणि शब्दावरच्या एका छोट्या वळणदार खुणेत ‘एर’ किंवा ‘रे’ दडलेला असतो. मोडी वाचलेल्या माणसाला हा त्रास ओळखीचा वाटेल.

विल्यम कॅमडेन या इतिहासकाराच्या ‘ब्रिटानिया’त, म्हणजे १५८६ च्या लॅटिन ग्रंथात आणि त्याच्या १६१० च्या इंग्रजी भाषांतरात, खोऱ्याचे नाव ‘वेन्ट्सडेल’ अशा धर्तीवर येते. मधला टी कुठून आला? सी-टीचा घोटाळा म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण ‘वेन्डेस्ले’मधला ड सला चिकटला की तोंडात आपोआप ‘ट्स’ होतो. म्हणजे हा टी बोलण्यातला असू शकतो. निवाडा करायचा तर एकमेकांची नक्कल न केलेले दोन लेखनिक हवेत. दोघांकडेही ड किंवा ट असेल, तर तो उच्चार समजावा. एकाच घराण्यातल्या प्रतींमध्ये असेल, तर हाताची चूक.

गुरुवार

आज फक्त तारखा. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचे. दस्तावर १० फेब्रुवारी १५९९ असेल तर आपल्या हिशेबाने ते १६०० साल. मध्ययुगीन दस्तांत तर इसवी सन नसतोच, राजाचे वर्ष असते, आपल्याकडच्या राज्याभिषेक शकासारखे. पहिल्या एडवर्डचे पहिले वर्ष २० नोव्हेंबर १२७२ पासून १९ नोव्हेंबर १२७३ पर्यंत चालते. कार्डावर दोन्ही सालांना पसरलेली नोंद करावी, सोयीचे एक साल निवडू नये.

शुक्रवार

नकाशे. सॅक्स्टनचा यॉर्कशरचा नकाशा १५७७ चा. त्यावर डोंगर वारुळांसारखे काढलेले, नद्या आहेत, रस्ते नाहीत. स्पीडचा १६११ चा, ब्लाऊचा १६४५ चा, जान्सनचा त्याच्या लगेच पुढचा. चार नकाशे एकाच स्पेलिंगवर सहमत दिसले की साक्ष भक्कम वाटते. पण स्पीडने बराचसा भाग सॅक्स्टनवरून घेतला आणि ब्लाऊ, जान्सन या डच प्रकाशकांनी आधीच्या छापील नकाशांवरून. साक्षीदार एकच, बाकीचे त्याचेच ऐकून सांगणारे. पडताळायची खूण म्हणजे चूक. एखादे खेडे नदीच्या चुकीच्या काठावर आहे आणि तीच चूक पुढच्या नकाशातही आहे, तर ती नक्कल. बरोबर माहिती दोघांना स्वतंत्रपणे मिळू शकते, तीच चूक सहसा मिळत नाही.

नवी मोजणी येते ती जेफरीजची. १७६७ ते १७७० या काळात सर्वेक्षण, मग वीस तक्त्यांत छपाई, मैलाला एक इंच. इथून नव्या साक्षीदाराची गणना करता येते.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे मैलाला सहा इंचांचे तक्ते यॉर्कशरसाठी १८४० आणि १८५० च्या दशकांतले. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट पाहता येतात. एक पूर्ण तक्ता सहा मैल बाय चार मैल जमीन दाखवतो. खोऱ्याचे नाव त्याहून लांब पसरते, अक्षरे विरळ करून दोन-तीन तक्त्यांवर ओढलेले असते. एकाच तक्त्यावर शोधले तर दोन-तीन सुटी अक्षरे सापडतात आणि माणूस ‘इथे नाव नाही’ असे लिहून मोकळा होतो. शेजारचे तक्ते जोडून पाहावेत.

या सर्वेक्षणात प्रत्येक नावासाठी नोंदवही भरली जायची: कोणकोणती स्पेलिंगे मिळाली, कोणाच्या सांगण्यावरून कोणते ठरवले. त्या वह्यांतला फार मोठा भाग १९४० मध्ये साउदॅम्प्टनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाला. कंबरलँड, वेस्टमोरलँड, डरहॅम, नॉर्थम्बरलँडच्या वह्या वाचल्या, यॉर्कशरच्या मूळ वह्या नाहीत. मनाला लागणारे नुकसान आहे हे. कोणत्या शेतकऱ्याने किंवा पाद्र्याने कोणता उच्चार सांगितला, ते नेमके तिथे होते.

शनिवार

आता योरडेलची बाजू. नदीचे जुने रूप योर. सॅव्हिनी या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी ११४५ मध्ये फोर्स इथे मठ स्थापला आणि ११५६ मध्ये तो नदीच्या खालच्या अंगाला हलवला. नव्या जागेचे नाव जर्व्हो. हा शब्द फ्रेंच पेहराव केलेले ‘योरचे खोरे’च आहे. मठ १५३७ मध्ये बंद झाला, भग्न भिंती त्या नावासह उभ्या आहेत. एस्गार्थची योर मिल, अ‍ॅस्क्रिगजवळचा योर ब्रिज, बेनब्रिजमधली राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयाची ‘योरडेल’ ही इमारत, सगळीकडे योर आहे. यॉर्क शहराशी मात्र त्याचा संबंध जोडू नये. व्हायकिंगांचे ‘योर्विक’ हे ‘एओफॉर्विक’ या जुन्या इंग्रजी नावापासून आले, नदीवरून नाही. ध्वनी जुळला एवढ्यावर कार्डे एकत्र बांधायची नाहीत.

आणखी एक सापळा. १८३६ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ जॉन फिलिप्सने चुनखडी, शेल आणि वालुकाश्म यांच्या आलटूनपालटून येणाऱ्या थरांना ‘योरडेल’ हे नाव दिले. त्यानंतरच्या पुस्तकांत योरडेल वारंवार भेटते. ते खडकांचे नाव आहे. गावकरी काय म्हणत होते, याचा पुरावा म्हणून ते मोजता येत नाही.

रविवार

कार्डे सालवार मांडली. ‘वान्डेस्लेडेल’ हे रूप बाराव्या शतकाच्या मध्याचे, म्हणजे जर्व्होच्या साधूंच्याच काळातले. एक गेले आणि दुसरे आले, असे झालेले नाही. दोन्ही नावे पहिल्यापासून शेजारी नांदत होती. नदीकाठी जमीन घेणाऱ्या मठाच्या कागदांत नदीचे नाव, आणि बाजार, जमीनदारी, शिकारीचे राखीव रान यांच्या व्यवहारात गावाचे. ‘पुढे झाले’ हे शब्द खोडावे लागतात.

उरलेला प्रश्न विस्ताराचा. बाराव्या शतकातले वान्डेस्लेडेल म्हणजे नदीच्या उगमापर्यंतचे सगळे खोरे, की वेन्स्लीच्या आसपासचा खालचा पट्टा? त्यासाठी नाव नव्हे, नावाभोवतीचे वाक्य लागते. १२२७ च्या एका दाव्यात बेनब्रिज हे राखीव रानाच्या बारा रक्षकांसाठी वसवल्याचे आणि प्रत्येकाला घर आणि नऊ एकर दिल्याचे सांगितले आहे. बेनब्रिज वेन्स्लीपासून बरेच वर आहे. ज्या ज्या दस्तात रानाचे नाव वेन्स्लीडेल येते, तिथे शेजारी कोणती गावे मोजली आहेत ते सहाव्या रकान्यातून वेगळे काढायचे आणि सहा इंची तक्त्यावर टिंबे मांडायची. सर्वांत पश्चिमेचे टिंब जिथे पडेल, तिथवर त्या सालचे वेन्स्लीडेल.