तुम्ही विचारलंत म्हणून : कोलटकर आणि आमचा खंडोबा

सातारा जिल्ह्यातल्या पालीचा खंडोबा आमचं कुलदैवत. पौषात तारळी नदीकाठी देवाचं लग्न लागतं. त्या दिवशी अंगावर पडलेला भंडारा आई दोन दिवस झटकू द्यायची नाही. अशा घरातला मी, कवी अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’ हे खंडोबाच्या जेजुरीवरच्या कवितांचं पुस्तक भेटेल त्याच्या हातात ठेवतो, म्हणून साताऱ्यात लोक हमखास अडवतात. परवा पोवई नाक्यावर एका जुन्या विद्यार्थ्यानं तेच विचारलं, “सर, ते तर देवाची टिंगल करतात ना?”

मला नाही तसं वाटत. टिंगल करायला आलेला माणूस इतका वेळ बघत बसत नाही. मारुतीच्या पडक्या देवळात त्यांना कुत्री आणि तिची पिल्लं दिसतात. तिथली पूजाअर्चा थांबलीय, पण देवाचं घर ते आहेच, असं कवितेत येतं. दुसरीकडे देऊळ समजून आत डोकवावं, तर डोळे विस्फारून वासरू बघतंय! पालीत लहानपणी मीही असाच एका गोठ्यापुढं हात जोडले होते. पुजाऱ्यावरची कविता बोचरी आहे, हे कबूल. पण दक्षिणेवर डोळा ठेवणारा पुजारी आपण कधी बघितलाच नाही का?

‘जेजुरी’ इंग्रजीत लिहिली, हा दुसरा राग. 1976 ला पुस्तक आलं, 1977 ला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. मराठी ‘जेजुरी’ मात्र ते गेल्यावर निघाली. पण कोलटकर मराठीतही लिहीत होते. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ 1977 ची, आणि पुढचा मराठी संग्रह थेट नव्या शतकात. ‘भिजकी वही’ या संग्रहात प्राचीन इजिप्तमधली विदुषी हायपेशिया, सूफी संत राबिया अशा जगभरच्या बायकांचं रडं आहे. तिला 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कवी हयात नव्हता. सप्टेंबर 2004 लाच गेले.

साताऱ्याहून पुण्याला रेल्वेनं निघालं की वाटेत जेजुरी लागतं. एकदा गाडीत हेच पुस्तक वाचत होतो. तिथं चढलेल्या एका म्हातारीनं न विचारताच माझ्या कपाळाला भंडारा लावला, वर चिमूटभर हातावरही ठेवला. पान उलटताना त्यावर पिवळं बोट उठलं. पुस्तक नेणारे परत देताना हमखास म्हणतात, “सर, हळद आमच्याकडून नाही हं सांडलेली.”