तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटचा वकील नीट केस चालवतो का?

गोव्यात पेडणे असो वा काणकोण, कायद्याच्या शिबिरात भाषणं संपली, माणसं उठायला लागली की कोणीतरी बाजूला येऊन हळूच विचारतं, "फुकट वकील मिळतो म्हणतात, पण तो मन लावून केस चालवतो का? की सोनं गहाण ठेवून आपला आपण केलेला बरा?"

सोनं गहाण ठेवू नका. फुकट वकील देणारी सरकारी यंत्रणा म्हणजे विधी सेवा प्राधिकरण. तिच्या पॅनेलवर, म्हणजे वकिलांच्या यादीत, असतात ते म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव इथल्या कोर्टांत रोज उभे राहणारेच वकील. त्यांची फी प्राधिकरण देतं. काही जण जीव ओतून काम करतात, काही हात राखून. खासगीतही हेच चालतं. पण केस हातची जाते ती बहुतेक वेळा वकिलामुळे नाही, वकिलापर्यंत उशिरा पोचल्यामुळे.

समन्स आलं की त्याचा लखोटासुद्धा फेकू नका. दिवाणी दाव्यात तुमचं म्हणणं लेखी मांडायला समन्स हातात पडल्यापासून 30 दिवस मिळतात, फार तर कोर्ट ते 90 पर्यंत वाढवून देतं. कागद नेमका कधी मिळाला ते टपालाच्या शिक्क्यावरून दाखवता येतं. लोक मात्र आधी पंचायतीच्या पंचाकडे जातात, मग ओळखीच्या पुढाऱ्याकडे, मग चतुर्थी होऊन जाते. तुमचं म्हणणं न ऐकताच एकतर्फी हुकूम झाल्यावर पॅनेलचा वकील मिळाला, तर त्याची पहिली काही महिन्यांची मेहनत तो हुकूम बाजूला करण्यातच जाते.

जायचं कुठं? तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे, किंवा पणजी-मडगावच्या जिल्हा प्राधिकरणाकडे. काहीच समजेना तर 15100 हा फोन फिरवावा. अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगायचं, तिथला माणूस किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतो. अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. अर्ज नाकारला तर त्यावर दाद मागता येते, म्हणून नकार लेखी मागा. कोर्ट फी, नकला, भाषांतर हा खर्चही या मदतीतच येतो.

विधी सेवेच्या 1987च्या कायद्याचं कलम 12 एकदा कोणाकडून तरी वाचून घ्याच. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत किंवा तुरुंगात असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. तरीही बाईला "आधी उत्पन्नाचा दाखला आणा" म्हणून मामलेदार कचेरीत पाठवल्याचं पुन्हा पुन्हा कानावर येतं. तो दाखला लागत नाही. उत्पन्नाच्या निकषावर मदत मागणाऱ्यालाही स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरतं. त्यावर अविश्वास दाखवायला कारण असेल तरच पुढची चौकशी.

आता मुंडकारांचं. इथं एक शब्द माणसाचं घर घालवू शकतो. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीनं पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणारा तो मुंडकार. त्याला 1975च्या मुंडकार कायद्यानं संरक्षण दिलं आहे. पण राहण्याचं भाडं देणारा त्या कायद्यानं मुंडकार ठरत नाही, मालकाच्या घरात राखण म्हणून राहणाराही नाही. वर्षाकाठी भाटकाराला चार नारळ, कधी थोडे पैसे देणारा माणूस जबाबात सरळ लिहून देतो, "आम्ही भाडं देत होतो." मनात काही वाईट नसतं, पण समोरचा वकील तेवढाच कागद पुढं करतो. म्हणून कुठंही सही करण्याआधी वकिलाला सगळं सांगा: घर कोणी बांधलं, दुरुस्ती कोणी केली, काय दिलं आणि कशासाठी दिलं. बरोबर घरपट्टीच्या जुन्या पावत्या, विजेची बिलं, मतदार यादीतलं नाव, शिधापत्रिका आणि एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीचा कागद, न्या. जितकी जुनी पावती तितकी मोलाची. वाळवीनं अर्धी खाल्लेलीही टाकू नका.

भाटकारानं घर खाली करण्याचा दावा लावला, तर लेखी उत्तरात "मी मुंडकार आहे" हे स्पष्ट यायला हवं. ते आलं तरच तो मुद्दा ठरवायला मामलेदाराकडे पाठवावा लागतो, कारण मुंडकारपणाचा निर्णय दिवाणी कोर्ट स्वतः देत नाही. तीस दिवसांची घाई करा म्हणतो ती यासाठीच.

नवऱ्याच्या त्रासाला कंटाळून आलेल्या बाईचे कागद पाहताना गोव्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. आपल्याकडे नागरी नोंदणीत दोन सह्या. पहिल्या सहीला लग्नाचा इरादा जाहीर होतो, मध्ये काही दिवस जातात आणि दुसऱ्या सहीला लग्न पक्कं होतं. पहिल्या सहीचा कागद घेऊन "आमचं लग्न नोंद आहे" म्हणणाऱ्या मुली कमी नाहीत. दुसरी सही राहिली असेल तर वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा, लपवू नका. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005च्या कायद्याचं दार तेवढ्यानं बंद होत नाही, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या स्त्रीलाही तो लागू आहे. अर्ज दाखल झाला की साधारण तीन दिवसांत पहिली तारीख पडायला हवी. दोन्ही सह्या झाल्या असतील आणि लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर मालमत्तेत तिचा अर्धा वाटा आहे आणि तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. हे ठाऊक नसल्यानं बायका नुसत्या पोटगीवर तडजोड करून मोकळ्या होतात, हे पाहवत नाही.

कोर्टाचे कागद बहुतेक इंग्रजीत. प्रतिज्ञापत्राच्या तळाशी छापलेलं असतं की मजकूर सही करणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितला. सांगितला नसेल तर सही करू नका. "वाचून दाखवा" म्हणायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. उलटतपासणीत "हे तुम्हीच सांगितलंत ना?" असं विचारतील तेव्हा वकील नाही, तुम्ही पिंजऱ्यात असता.

वकीलपत्रावर सही केली की वकिलाकडून 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. मोबाइलवर कोर्टांच्या ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख दिसते, कोणाला फोन करावा लागत नाही. तारखेला वकील येत नसेल, किंवा झेरॉक्सच्या नावाखाली पैसे मागत असेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांना तारखांसकट लेखी कळवा. पॅनेलच्या वकिलानं अशिलाकडून एक पैसाही घ्यायचा नसतो, आणि वकील बदलून मिळतो.

सगळ्यात जास्त अडकतात ते कोलवाळच्या तुरुंगातले परप्रांतीय मजूर. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार राहायला इथलं कोणी नसतं, म्हणून माणूस आतच राहतो. सर्वोच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2023ला यावर स्पष्ट निर्देश दिलेत. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात हमी भरली गेली नाही तर कोर्ट आपणहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराची अट सुटकेला उशीर लावते, तिथं ती घालू नये, हेही त्यात आहे. नातेवाईक बिहारमध्ये किंवा ओडिशात असले तरी त्यांनी जामीन मंजूर झाल्याची तारीख आणि केस नंबर 15100वर सांगावा. आठव्या दिवशी पुन्हा फोन करावा.