आज्जा जावाला, खलाशी सिडनीला

आमचा आज्जा मराठा पलटणीत होता. गाव गडहिंग्लज तालुक्यातलं, भरती बेळगावची. उन्हाळ्यात अंगणात अंथरुणं पडली की आम्ही पोरं लढाईच्या गोष्टी मागायचो. ब्रह्मदेशाचं तो रंगवून सांगायचा. जावाचं मात्र दोनच वाक्यांत. "पोरं बांबूला टोकं काढून अंगावर यायची. आन् आमच्याकडं मशीनगना." मग चंची उघडायचा आणि गप्प.

तो ज्याला जावा म्हणायचा, ते जावा बेटावरचं सुराबाया शहर. १७ ऑगस्ट १९४५ ला सुकार्नो आणि हत्ता या तिथल्या पुढाऱ्यांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. डचांना मात्र आपली वसाहत परत हवी होती. महायुद्धात हरलेल्या जपान्यांची शस्त्रं उतरवायला म्हणून इंग्रजांनी ऑक्टोबरअखेर तिथं ४९वी ब्रिगेड उतरवली. तिच्यातल्या तीन पलटणींपैकी दोन मराठ्यांच्या. ३० ऑक्टोबरला तिचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला आणि १० नोव्हेंबरपासून शहरावर इंग्रजांच्या तोफा चालल्या. तो दिवस इंडोनेशियात आजही वीरांचा दिवस म्हणून पाळतात.

हे मला आधीपासून माहीत होतं. पण त्याच महिन्यांत ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत काय चाललं होतं, ते यंदा वाचलं आणि रात्रभर डोळा लागला नाही.

सप्टेंबरअखेर ब्रिस्बेन आणि सिडनीत डचांची जहाजं जावाला निघायच्या तयारीत होती. काहींत शस्त्रं, दारूगोळा. इंडोनेशियन खलाशी सामान घेऊन सरळ धक्क्यावर उतरले. तिथल्या गोदी कामगारांनी माल चढवायला नकार दिला. मग डचांनी हिंदी खलाशांना पुढं केलं. आणि आपली ही माणसंही उतरली! ऑक्टोबरात सिडनीत त्यांनी स्वतःची युनियन काढली.

यात त्यांनी काय पणाला लावलं, ते बघा. गोऱ्या खलाशाच्या मानानं पगार अगदी तुटपुंजा. करार मोडला तर खटला. देश परका, तोही गोऱ्यांखेरीज कुणाला वसू न देणारा. घरी पैशाची वाट बघणारी बायकापोरं. कोकणातली कितीतरी घरं अशा नोकरीवर जगलीत, त्यामुळं हे मला नुसतं वाचून सोडवत नाही. दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी, आपला देश अजून गुलाम असताना, त्यांनी हातातलं काम टाकलं.

आज्जाला मी दोष देत नाही. पलटणीत 'नाही' म्हणणाऱ्याचं काय होतं, ते त्याला ठाऊक होतं. पण एक हिंदी माणूस बंदूक घेऊन जावात उतरत होता आणि दुसरा तिकडं जाणारी बंदूक वाहून न्यायला नकार देत होता. दोघांची शेतं कदाचित आंबोली घाटाच्या अल्याड-पल्याड असतील.

आज्जा जाऊन बरीच वर्षं झाली. नंबर रंगवलेली त्याची लोखंडी ट्रंक माळ्यावर आहे. दिवाळीत गावी गेलो की आत्याला विचारणार आहे, खलाशांचं त्याच्या कानावर कधी आलं होतं का.