तिला सोडून सगळ्यांना माहीत

एखाद्या मुलीला ‘तू सुंदर आहेस’ हे सांगायला किती वेळ लागावा? ‘वन डायरेक्शन’ या बँडच्या पाच पोरांना चांगली सव्वातीन मिनिटं लागतात. आणि एवढा खटाटोप करून त्यांचं म्हणणं काय, तर तू सुंदर आहेस हे तुला ठाऊकच नाही, आणि ठाऊक नाही म्हणूनच तू सुंदर आहेस.

‘व्हॉट मेक्स यू ब्यूटिफुल’ हे गाणं सप्टेंबर २०११ मध्ये ब्रिटनमध्ये आलं आणि आल्या आल्या पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. ही पाच मुलं २०१० च्या ‘एक्स फॅक्टर’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत वेगवेगळी आली होती. तिथेच त्यांची मोट बांधली गेली आणि स्पर्धेत त्यांचा नंबर आला तिसरा. पहिला कोण आला होता हे आज आठवायला लोकांना डोकं खाजवावं लागतं.

चाल अशी की एकदा कानावर पडली की दिवसभर पिच्छा सोडत नाही. तेवढ्यात शब्दांकडे लक्ष जातं आणि माणूस अडखळतो. समजा, त्या मुलीने हे सगळं ऐकलं आणि तिला पटलं. म्हणजे आता तिला कळलं. मग यांच्याच हिशेबाने तिचं सौंदर्य शेवटच्या ओळीपाशी संपलं! आणि नसेल पटलं, तर सव्वातीन मिनिटं पाण्यात. बिचारीला इकडे आड, तिकडे विहीर. दुसऱ्या कडव्यात पाचांतला झेन तर तिला सरळ सांगतो की तुझं चुकतंय, आणि माझं बरोबर आहे हे सिद्ध करायला मी ते गाण्यात घातलंय. पुरावा म्हणून गाणं! वादात हरणाऱ्या माणसाने आवाज चढवावा, त्यातलाच प्रकार. फक्त इथे आवाज सुरात चढतो.

या तर्कावर मी बराच काळ मनातल्या मनात हसत असे. मग या गाण्याच्या जन्माची गोष्ट वाचली. ते लिहिणाऱ्या तिघांपैकी सावन कोटेचा हा टेक्सासमध्ये वाढलेला, भारतीय वंशाचा गीतकार. बाकीचे दोघे, रामी याकूब आणि कार्ल फाल्क, स्वीडनचे. कोटेचाने सांगितलंय की एका सकाळी त्याच्या बायकोचं काही ठीक नव्हतं, आपण कुरूप दिसतोय असं ती म्हणत होती. तो म्हणाला, छे, सुंदर दिसतेस. त्यातून गाण्याची कल्पना निघाली.

हे कळल्यावर सगळा नूरच बदलतो. ‘काय अवतार झालाय माझा’ असं घरातलं माणूस सकाळी सकाळी म्हणतं, तेव्हा समोरच्याकडून तर्कशुद्ध उत्तराची अपेक्षा नसते. उत्तर लगेच यावं, एवढंच महत्त्वाचं. दोन सेकंद विचार करून दिलेलं अचूक उत्तर तिथे नापास होतं. ताबडतोब दिलेलं, स्वतःलाच छेद देणारं उत्तर पास होतं. ‘तुला कळत नाही, म्हणून तर छान दिसतेस’ हे वाक्य त्या खोलीत, त्या दोघांत, अगदी चपखल बसतं.

पंचाईत होते ती हे वाक्य खोलीबाहेर पडल्यावर. नवऱ्याच्या तोंडचा दिलासा सतरा ते एकोणीस वर्षांच्या पोरांच्या तोंडी गेला की ती तारीफ होते, आणि तारीफ म्हटलं की अटी आल्या. गाण्यातली मुलगी बुजरी आहे, नजरेला नजर देत नाही, जमिनीकडे बघून हसते. मेकअपची तर तिला गरजच नाही म्हणे. पण आरशासमोर उभी राहून, स्वतःवर खूश होऊन, छानपैकी लिपस्टिक लावून निघालेली मुलगी? तिला या गाण्यात जागा नाही. आपण सुंदर आहोत हे जिला माहीत असतं, तिच्याबद्दल लोक गाणी करत नाहीत. ‘भाव खाते’ म्हणतात. ‘काखेत कळसा’वाली मुलगी आवडते याचं कारण उघड आहे, कळसा दाखवून देण्याचं श्रेय आपल्याला मिळतं. हा गाण्यातला खोटेपणा आहे आणि मला तो खुपतो. खुपतो, तरी गाणं बंद करवत नाही.

का, ते कान देऊन ऐकलं की कळतं. सुरुवातीला दाबून वाजवलेली गिटार, मिनिटाला १२५ ठोक्यांची लय, म्हणजे चालणाऱ्याची पावलं आपोआप झपाझप पडू लागतात. पहिलं कडवं लिअम खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखं गातो. मग हॅरी वर चढतो आणि सांगतो की खोलीतल्या सगळ्यांना हे दिसतंय, तुला सोडून. धृपदात पाचही जण तुटून पडतात. त्यातही एक हुशारी आहे. धृपदाच्या मध्यावर फक्त ‘तुला माहीत नाही’ एवढंच येतं. ते ‘म्हणूनच’ अगदी शेवटपर्यंत राखून ठेवलेलं असतं. त्या एका ओळीसाठी कान ताटकळतो आणि ती आली की हायसं वाटतं. अर्थाचा हिशेब करायला तेव्हा कोण बसतं?

दोन धृपदं झाली की शब्द संपतात आणि नुसतं ‘ना ना ना’ सुरू होतं. मग अचानक सगळा गलका थांबतो. ज्या ओळी आत्तापर्यंत पाच जण घसा फोडून गात होते, त्याच हॅरी एकटा, हळू आवाजात म्हणतो. व्हिडिओत हे पाचही जण मालिबूच्या किनाऱ्यावर हुंदडत असतात, पण या तुकड्याला तो एका मुलीच्या अगदी जवळ जाऊन गातो. गर्दीला उद्देशून चाललेलं बोलणं तेवढ्यापुरतं एकाचं एकीशी होतं. मला वाटतं, कोटेचा आणि त्याच्या बायकोची ती सकाळ गाण्यात शिल्लक आहे ती एवढ्याच तुकड्यात. लगेच ढोल परततात आणि पुन्हा जत्रा.

ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या समारोपाला ही मुलं ट्रकवर उभी राहून हेच गायली. भरलेलं स्टेडियम, आणि त्या सगळ्यांना मिळून एकच ‘तू’. प्रत्येकीला आपलीच वाटावी अशी तारीफ घाऊक भावात. बरं, एकदा ऐकून पटलं असतं तर दुसऱ्यांदा कोणी कशाला लावलं असतं? शंका रोज सकाळी नव्याने उगवते, त्यामुळे गाण्याला मरण नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत या गाण्याला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश सिंगलचा ब्रिट पुरस्कार मिळाला. मतं दिली होती कॅपिटल एफएमच्या श्रोत्यांनी. हॅरीने मंचावर जाऊन मनापासून आभार मानले, ते प्रतिस्पर्धी रेडिओ १ चे. लक्षात आलं असेल ते बाकीच्यांच्या. त्याचा चेहरा मात्र आनंदाने फुललेला.