मिरचीचा मध: पाचवी बरणी गाळली

काल रात्री वाळलेल्या मिरच्या मुरवलेल्या मधाची पाचवी बरणी गाळली. ४०० ग्रॅम मध घातला होता, हाती आला ३६० ग्रॅम. बाकीचा मिरच्यांच्या सालींना आणि फडक्याला चिकटून राहिला, आणि थोडा माझ्या कोपरापर्यंत गेला. पण चव! आधी जांभळाच्या मधाचा तो किंचित कडसर गोडवा, मग काहीच नाही, आणि गिळून झाल्यावर घशाच्या मागून हळूच वर येणारं तिखट. हेच हवं होतं. गेलं वर्षभर याच्याच मागे आहे.

आधीच्या चार बरण्यांची हकिगत थोडक्यात सांगतो, म्हणजे कुणी त्याच खड्ड्यात पडणार नाही.

पहिलीत घरचं तिखट सरळ मधात ढवळलं. पूड तरंगत वर आली, वर तिचा थर बसला, आणि गाळायला गेलो तर फडक्यातून तासाभरात चार चमचे उतरले. खाताना जिभेवर रेती. विषय संपला.

दुसरी बरणी जुलैतली. २५० ग्रॅम मधात ५० ग्रॅम ताज्या हिरव्या लवंगी मिरच्या चिरून घातल्या. सहाव्या दिवशी वर बारीक फेस दिसला. मी खूश, म्हटलं मुरतंय. नवव्या दिवशी झाकण उघडताना फुस्स आवाज आला, शिळ्या ताडीसारखा वास सुटला आणि मध ओट्यावर सांडला. सकाळी ओट्यापासून खिडकीपर्यंत मुंग्यांची दिंडी. त्या तिखटाचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

नंतर कागद घेऊन हिशेब मांडला तेव्हा डोक्यात उजेड पडला. मधात साधारण १८ टक्के पाणी असतं, म्हणजे २५० ग्रॅममध्ये ४५ ग्रॅम. ताज्या मिरचीत ८८ टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणजे ५० ग्रॅम मिरच्यांत आणखी ४४. मध हे सगळं शोषून घेतो, तो त्याचा स्वभावच. झालं ३० टक्के. आपल्याकडच्या अन्न नियमांत मधातल्या पाण्याची मर्यादाच २० टक्के आहे. मध टिकतो तो पाणी कमी म्हणून. पाणी वाढलं की आत झोपलेलं यीस्ट जागं होतं आणि साखर खाऊन गॅस सोडायला लागतं. माझ्या बरणीत तेच झालं होतं. वाळलेल्या मिरचीत पाणी फार तर दहा टक्के, म्हणजे २० ग्रॅम मिरच्यांचं जेमतेम २ ग्रॅम. तेव्हापासून ओल्या मिरचीला रामराम.

याच कारणासाठी ओला लसूण आणि आलंही मधात घालून बाहेर ठेवत नाही. तिथे भीती आंबण्याची नाही, बोटुलिझमची, म्हणजे एका जंतूमुळे होणाऱ्या जिवघेण्या विषबाधेची आहे. मधात त्या जंतूचे बीजाणू असू शकतात. एरवी ते निपचित पडून असतात, पण ओलावा वाढला आणि आंबटपणा कमी झाला की सांगता येत नाही. बहिणीचं बाळ आठ महिन्यांचं आहे. आजीने बोटावर मध घेऊन चाटवायला पुढे केला तेव्हा घरात मोठा वाद झाला. पण एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, यावर मी ठाम राहिलो. तिखट असो की साधा.

तिसरी बरणी गॅसवर. पातेल्यात पाणी, त्यात बरणी, थर्मामीटर लावून ६० ते ६५ अंशांवर अर्धा तास. दुसऱ्याच दिवशी झणका तयार. पण आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि म्हणाली, "अरे, मध कधी तापवतात का? विष होतं त्याचं." मी तिला यीस्ट, तापमान वगैरे ऐकवलं. ती म्हणाली, "मग तूच खा." विषाचं माहीत नाही, पण तिचं एक म्हणणं खरं निघालं. महाबळेश्वरहून आणलेल्या मधाचा फुलांचा वास पार गेला होता. राहिला तो नुसता साखरेचा पाक, तिखट घातलेला. महाग मधाचं असं करणं पाप आहे, हे मलाही पटलं.

चौथीत नुसती बेडगी. माझा समज असा की रंग छान लाल येईल. आला फिकट तपकिरी. मिसळीची तर्री लाल दिसते ती तेलामुळे. बेडगीचा रंग तेलात उतरतो, मधात नाही. आणि बेडगी रंगाचीच मिरची, तिखट बेताचंच. महिन्याने चाखली तर मध गोडच.

तिखटाचं तरी कुठे वेगळं आहे? तेही तेलात झटकन उतरतं, पाण्यासारख्या पदार्थात रेंगाळतं. म्हणून मधाला एक तर उष्णता हवी, नाही तर वेळ. आम्ही भांडुपला वरच्या मजल्यावर राहतो. एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब तापला की माळ्यावर दुपारी ३६-३७ अंश असतात, मोजलेत. मग गॅस कशाला पेटवायचा? आईचं मन राखलं गेलं आणि मधाचा वासही राहिला.

पाचवीची तयारी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. लालबागच्या मिरची गल्लीत गेलो. मसाल्याचे दिवस, मसाला कुटणाऱ्या डंकांचा धडधडाट, हवेत खाट, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस शिंकतोय. दुकानदाराने विचारलं, "किती किलो?" पन्नास ग्रॅम म्हटल्यावर त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. लवंगी आणि संकेश्वरी घेतली, बेडगी घरात होतीच.

मिरच्या गच्चीत दोन दुपारी उन्हात. मोडल्यावर कटकन आवाज आला पाहिजे, नुसती वाकली तर आणखी एक दिवस. मग देठ खुडून, उभी फाडून, बिया झटकून टाकल्या. तिखट बियांत नसतं, त्यांना धरून असलेल्या पांढऱ्या शिरेत असतं. ती शीर मात्र तशीच ठेवायची. प्रमाण: १२ ग्रॅम लवंगी, ६ संकेश्वरी, ४ बेडगी, वर ४०० ग्रॅम जांभळाचा मध. बरणी आदल्या दिवशी धुऊन उन्हात कोरडी केलेली. ओला चमचा चुकूनही नाही.

रोज रात्री बरणी उलटी करायची, कारण मिरच्या वर तरंगतात आणि अर्धी साल कोरडीच राहते. चौथ्या दिवशी चव: काही नाही. दहाव्या दिवशी जिभेच्या शेंड्याला जरा चुणचुण. एकविसाव्या दिवशी भावाला ठसका लागला, त्याला न सांगता भाकरीवर घातला होता. तिसाव्या दिवशी गाळला. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे मधातलं पाणी मोजायच्या यंत्रावर, सुरुवातीला १८.५ टक्के होतं, गाळताना १९. अर्धा टक्का कुठून आला? बहुतेक रोजरोज झाकण उघडून चाखण्यातून. पुढच्या वेळी जिभेला लगाम.

वाळलेल्या साली टाकल्या नाहीत. कुटून कैरीच्या तक्कूत घातल्या. भन्नाट.

एक चूक याही वेळी झाली. १०० ग्रॅम मधात चमचाभर सफरचंदाचं व्हिनेगर घालून पाहिलं. चव उत्तम, थालीपिठावरच्या लोण्यासोबत तर विचारू नका. पण त्याने मध पातळ झाला आणि पाणीही वाढलं. ती बाटली आता फ्रिजमध्ये आहे, आठवड्यात संपवायची. पुढे व्हिनेगर वाटीत, वाढताना. मुख्य बाटली मात्र फ्रिजबाहेरच, कारण फ्रिजच्या थंडीत मध घट्ट होतो.

आता मृगाच्या आत बाटल्या भरून झाकणांवर मेण लावायचंय. पाऊस लागला की मुंबईच्या हवेत उघडा मध चमचाभर पाणी आपोआप पितो. आईची आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, पापड, सुकट, मसाला माळ्यावर चढलेत, त्यांच्याच रांगेत तिने दोन बाटल्यांना जागा करून दिली. "आगोटीत मध कधी ऐकला नव्हता," म्हणाली. आज सकाळी कैरीच्या फोडींवर घालून बघते म्हणून एक बाटली उघडली, ती अजून परत आलेली नाही.

सहावी बरणीही लावलीय, नुसती संकेश्वरी, कारवीचा मध. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा हा मध परत कधी मिळेल देव जाणे. म्हणून फक्त १५० ग्रॅम, आणि मुंग्यांसाठी बरणीखाली पाण्याची ताटली. पहिला चमचा दहाव्या दिवशी, त्याआधी नाही.