काढून ठेवलेला पाट

"मग जमिनीखाली सापडलेलं जुनं बांधकाम तुम्ही वाचवता ना?" काकांनी विचारलं.

"नाही काका, काढतो."

"काढता? म्हणजे उखडता?"

"म्हणजे कागदावर काढतो. उखडायला नंतर जेसीबी येतो."

सुट्टीत पुण्याला आले होते. सदाशिव पेठेतला काकांचा वाडा पुनर्विकासाला जाणार, अर्धं सामान खोक्यांत. चहा पिताना माझ्या शेफील्डच्या पुरातत्त्वाच्या नोकरीचा विषय निघाला.

इंग्लंडात १९९० पासून नियोजनाचा दंडक असा की, जागेखाली जुनं काही असण्याची शक्यता असेल तर बांधकामाआधी बिल्डरनेच पदरचे पैसे घालून त्याची नोंद करून घ्यायची. शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. पाच नद्या, पण डॉन सोडली तर आपल्याकडे ओढेच म्हटलं असतं. औरंगाबादच्या पाणचक्कीत दळण व्हायचं, इथे पाण्यावर धारेचे दगड फिरायचे. नदीला बांध घालून पाणी पाटाने तळ्यात न्यायचं, तिथून चाकावर सोडायचं, मग पुन्हा नदीत. पाटाला तिथले लोक 'गॉइट' म्हणतात आणि त्या तळ्याला चक्क 'डॅम'. कोयना बघितलेली मी, पहिल्या आठवड्यात भिंत शोधत फिरले.

फेब्रुवारीत एका जागेवर चाकाचा दगडी खड्डा उघडला. लाकूड कधीच गेलेलं. पण भिंतीवर चाक घासून उमटलेले गोलाकार ओरखडे तसेच होते. कमानीवरचे तीन बिंदू मोजले की व्यास निघतो, म्हणजे नसलेलं चाकही कागदावर काढता येतं! तळाशी नारिंगी, सिमेंटसारखा घट्ट गाळ. लोखंड आणि दगडाची भुकटी. हीच भुकटी कारागिरांच्या छातीत जायची. जेवणाचे काटे कोरड्या दगडावर घासत, ते कारागीर तर तरुणपणीच जायचे. कुदळीला चिकटलेला तो गाळ खरवडताना मला हे सारखं आठवत होतं.

चार दिवस, गुडघाभर चिखल, वीसास एक प्रमाणात आराखडा, पाटाच्या उताराच्या पातळ्या, लाल-पांढरी पट्टी ठेवून फोटो. पाचव्या दिवशी जेसीबी. आता तिथे पार्किंग होईल. सुरुवातीला रडू यायचं, आता फक्त पेन्सिलला टोक काढते.

काका उठले, मागच्या अंगणात गेले, हौदावरचा पत्रा बाजूला केला. आत रिकाम्या कुंड्या, मोडका पंखा. कडेला खापरी नळाचं तोंड.

"हे कात्रजचं पाणी, असं आई सांगायची."

नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास कात्रजहून बंद नळातून पाणी पुण्यात आणायला घेतलं, वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवले, हे आम्ही शाळेत पाठ केलं. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुना भुयारी जलमार्ग निघाला, तेव्हा सगळं पुणे बघायला धावलं. आमच्या हौदात मात्र कुंड्या. हा नळ खरंच कात्रजच्या पाण्याचा की नुसता पावसाचा, उतार मोजल्याशिवाय मी बोलणार नव्हते.

काकांनी टेपचं एक टोक धरलं. एका लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूवर मी हौद काढला.

"उत्तर कुठे?" मी विचारलं. बाण काढायचा राहिला होता.

"उत्तर? शनिवारवाड्याकडे. एवढंही विसरलीस तिकडे जाऊन?"

मोबाइलमधलं होकायंत्र थोडं वेगळं सांगत होतं. मी बाण मोबाइलप्रमाणे काढला आणि काकांना दाखवला नाही.