दीडशे शब्दांची चुगली

बुधवार, रात्रीचे पावणेदोन. पाणी तीनला सोडतो असं चावीवाला म्हणाला होता, म्हणजे साडेतीन धरायचे.

झोपले तर उठणार नाही म्हणून लिहीत बसते, असं आईला सांगितलं. खरं कारण शेंगापोळ्या आहेत. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी चार पाठवल्या, सोबत वाटीत तूप, आणि मला एक घास धड गिळवेना.

काल मीटिंग होती. अहवालाचा मसुदा जवळजवळ पक्का झालाय. हवामानबदलामुळे ताण वाढतो कुठे, तो हिंसेपर्यंत जाऊ नये म्हणून काय करता येईल, वगैरे. सगळं आहे, पण जमिनीवरचं एखादं उदाहरण हवं, दीडशे शब्दांची चौकट. "तू तर दुष्काळी भागातच राहतेस ना?" राहते की, सोलापुरात. मग सांगितलं. २०२४ चा उन्हाळा, उजनी धरण वजामध्ये, म्हणजे वापरायचा साठा संपून तळाच्या मृतसाठ्यावर, गल्लीत पाचव्या दिवशी पाणी. शेजारच्यांनी नळाला थेट मोटार जोडली, पलीकडच्या घरी नळातून नुसती फुस्स हवा. रात्री तीनला गल्ली जागी, फोटो काढून महापालिकेत देण्याची भाषा. मला बोलता बरं येतं. पडद्यावरच्या चार चौकोनांतल्या चार माना हलल्या. एकीनं लिहूनही घेतलं. मला छान वाटलं. आता लिहिताना लाज वाटते, पण काल छानच वाटलं होतं.

आणि आज ह्या पोळ्या.

चुगली. दुपारपासून हाच शब्द डोक्यात आहे. शाळेत बाईंकडे जाऊन "बाई, हिनं मला ढकललं" म्हणणारी मुलगी असते ना, आणि आधी आपण तिची वेणी ओढली होती ते सांगत नाही, तशी. फरक इतकाच की माझ्या बाई जिनिव्हात बसतात.

नाव नाही घेतलं, गल्ली नाही सांगितली, मग काय बिघडलं? काही नाही. काकूंना कधी कळणारही नाही. हेच तर टोचतंय.

तसं पाहिलं तर माझंच कुणाला काय कळतं? आठ वर्षं हे काम करते. लग्नाकार्यात आई "पर्यावरणात आहे" म्हणून मोकळी होते, लोक मला तुळशीची रोपं मागतात. रात्री-बेरात्री कॉल, दिवसा ऊन ४३, डोकं कायम जड. एकेका शब्दावरून तीन-तीन आठवडे ईमेलची लढाई, "कारणीभूत ठरतो" लिहायचं की "भर घालू शकतो". आणि एवढं करून हाती काय? १३ डिसेंबर २०२१ ला सुरक्षा परिषदेत आयर्लंड आणि नायजरचा ठराव आला होता, हवामान आणि सुरक्षा यांचा एकत्र विचार करा म्हणणारा. बाजूनं १२ मतं. रशिया आणि भारत विरोधात, चीन तटस्थ. रशियाचं 'नाही' म्हणजे नकाराधिकार, विषय संपला. त्या रात्री मी दिल्लीवर इतकी चिडले होते की आईनं विचारलं, कोण गेलं? आता पैसेही आटलेत सगळीकडचे. माझा करार जूनपर्यंत. जूननंतरचं जूननंतर.

पण आज त्या मतदानाची वेगळीच बाजू दिसायला लागली. भारताचं म्हणणं होतं, हा विषय जिथं सगळे देश बसतात त्या हवामानाच्या वाटाघाटींतच राहू द्या, परिषदेत नको. सरकारांचे हेतू काय असायचे ते असोत. पण कुणाच्या तरी कोरड्या नळाला 'सुरक्षेचा धोका' म्हटलं की त्या नळापाशी उभी बाई धोक्याचा भाग होते. काल काकू झाल्या. मी केल्या.

बरं, मला माहीत नव्हतं असंही नाही. ओरेगॉनमधल्या संशोधकांनी १९४८ ते १९९९ मधल्या, दोन किंवा जास्त देशांतून वाहणाऱ्या नद्यांवरच्या घटना मोजल्यात. १,८३१ पैकी १,२२८ सहकार्याच्या, ५०७ भांडणाच्या, आणि त्या भांडणांतलीही बरीचशी नुसती तोंडाची. पाण्यासाठी दोन राज्यांचं खरंखुरं युद्ध म्हणून जे दाखवतात ते प्राचीन इराकमधल्या लगाश आणि उम्मा या नगरराज्यांचं, साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. हे आकडे मी स्वतः लोकांना ऐकवते. आणखी एक ऐकवते: २०१८ च्या एका शोधनिबंधात दाखवलं होतं की हवामान आणि संघर्षाचे अभ्यासक जिथं आधीच भांडणं आहेत तिथंच जास्त जातात, आणि जिथं जाणं-येणं सोपं, इंग्रजी चालतं तिथं आधी. वाचून मान डोलावली होती मी. आता सोलापुरात इंग्रजी चालणारी कोण सापडली त्यांना?

पावसावर ढकलणं सोपं असतं, हेही तसंच. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी सुदानमधल्या दारफुरच्या यादवीची मुळं पर्यावरणाच्या संकटात शोधली, तेव्हा बरेच जण संतापले होते, की मग खार्तुमचे राज्यकर्ते सुटले की. उजनीचं वेगळं काय आहे? धरण ११७ टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. जिल्हा दुष्काळी, पण साखर कारखाने मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. शहरासाठी भीमेत पाणी सोडायचं, ते नदीच्या पात्रातून वाट काढत औजच्या बंधाऱ्याला पोचायचं, दोन्ही काठांवर मोटारी, औजपाशी तर पलीकडचा काठ कर्नाटकचा. २०२१ मध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला पाच टीएमसी द्यायचं ठरलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि शेवटी तो निर्णय मागे घेतला. त्यात पावसाचा काय दोष? आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला असा पूर आला की माढा-मोहोळकडची गावं पाण्यात. तेव्हा कुणी मला उदाहरण मागितलं नाही. (मागितलं असतं तर दिलं असतं. माझा काही भरवसा नाही.)

दीडशे शब्दांत एवढं मावत नाही, हे खरं. पण एक गोष्ट मावली असती.

त्या भांडणानंतर तीन दिवस बोलणं बंद होतं. आई काकूंच्या दारावरून तोंड फिरवून जायची. चौथ्या की पाचव्या रात्री पाणी आलं, आमच्या नळाला पुन्हा करंगळीएवढी धार. तेवढ्यात भिंतीवरून एक हिरवी पाइप आमच्या अंगणात येऊन पडली. मध्ये जोड दिलेली, जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली, तरी तिथून पाण्याचा फवारा उडत होता. पलीकडून काकूंचा आवाज, "घ्या ओ, भरून घ्या. आमची टाकी झाली." माफी नाही, खुलासा नाही. आईनं पिंप भरून घेतलं, दुसऱ्या दिवशी वाटीभर शेंगाचटणी दिली, संपलं. ती पाइप आजही भिंतीवरच असते. अहवालात आम्ही तीस पानं ज्यासाठी घालवली ते काकूंनी रबराच्या पट्टीवर भागवलं, आणि मी नेमकं तेवढंच गाळलं.

नाही, तेवढंच नाही. फोटोची धमकी मी दिली होती. आणि मोटार आमच्याकडेही होती. बाबांनी आणलेली, अर्ध्या एचपीची, आजही माळ्यावर पोत्यात गुंडाळून आहे. त्या रात्री काढायला उशीर झाला, एवढंच. बाबांच्या जाण्यानंतर माळ्यावर कोण चढणार, हा प्रश्न होता. असो.

दुपारी न राहवून ईमेल केली. उदाहरण अर्धं सांगितलं होतं, पुढचं असं आहे म्हणून पाइपचं सगळं लिहिलं, मोटारीचंही लिहिलं. वाटलं, आता चौकट काढून टाकतील. तासाभरात उत्तर आलं. फारच सुंदर, हे घेऊच. फक्त पाइपला 'समुदाय-पातळीवरील अनौपचारिक पाणीवाटप व्यवस्था' म्हणू या का? आणि एकूण शब्द दीडशेच राहतील असं बघ.

मोठ्यांदा हसले. आई आत दचकली. मग बसून कापाकापी केली. धमकी गेली, शेंगाचटणी गेली. ट्यूबची पट्टी मात्र ठेवलीय, बघू कुठवर टिकते. माझी मोटारही ठेवलीय, एका ओळीत. काकूंचं भांडण दोन ओळींत आहे, म्हणजे अजून मीच वरचढ.

पोळ्यांतली एक आत्ता खाल्ली. थंड झालीय, तूप थिजलंय, तरी चांगली लागली.

तीन वाजून दहा मिनिटं. नळात घरघर सुरू झाली, चावीवाला आज चक्क वेळेवर. भिंतीवर तांब्या आपटायलाय कुणीतरी.

"अगं जागी हैस का? बादली लाव की, सांडायलंय!"